ओढली म्हणजे पेलली? डिझेल पिकअपविषयीचा महागडा गैरसमज

सुरतेत डिझेल पिकअपला विश्रांती नसते. रिंग रोडच्या कापड बाजारातून साड्यांची पार्सले, पांडेसरा-सचिनच्या जीआयडीसीतून कापडाचे ताके आणि अधूनमधून मागे अडकवलेला जनरेटरचा किंवा काँप्रेसरचा दोनचाकी ट्रेलर, अशी तिची कामे. उधना, लिंबायत, डिंडोली भागातल्या खानदेशी मालक-चालकांच्या गाड्या तर सोनगड, नवापूर, कोंडाईबारी घाट, साक्री करत धुळे-जळगावपर्यंत जातात. या धंद्यात सर्वांत जास्त ऐकू येणारे आणि सर्वांत जास्त नुकसान करणारे वाक्य एकच: ‘गाडी आरामात ओढते, म्हणजे वजन पेलते.’

हे खरे नाही. तरी ते टिकून आहे, कारण सुरतेच्या सपाट रस्त्यावर ते खरे वाटते. पहिल्या गियरमध्ये इंजिनाचा टॉर्क गियरबॉक्स आणि डिफरन्शियल मिळून पंधरा-वीस पटींच्या घरात वाढून चाकांपर्यंत पोहोचतो. उलट सपाट डांबरी रस्त्यावर मालासकट 3 टनांची गाडी एका वेगाने चालती ठेवायला, हवेचा रोध सोडला तर, साधारण 30 ते 45 किलोभाराचा जोर पुरतो. त्यामुळे आणखी टनभर लादले तरी चालकाला फारसा फरक जाणवत नाही. घाटात 15 मीटरमागे 1 मीटर चढ लागला, की त्याच 3 टनांना वर नेण्यासाठी आणखी 200 किलोभार लागतात. तिथे हाफ क्लचवर गाडी रेटली जाते आणि क्लच प्लेट जळते. पण चढ ही सोपी परीक्षा आहे. गाडी दमली तर थांबेल, एवढेच.

खरी परीक्षा परतीच्या उतारावर, केळी किंवा कांदा भरून येताना होते. 3 टनांची गाडी 100 मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे 29 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. 10 लिटर पाणी 30 अंशांवरून उकळीला आणण्याइतकी ही उष्णता आहे. इंजिन ब्रेकिंग आणि रस्त्याचा रोध त्या उष्णतेतला काही वाटा उचलतात. उरलेली सगळी डिस्क आणि ड्रममध्ये जाते. मागे 1 टनाचा बिनब्रेकचा ट्रेलर असेल तर आकडा 39 लाखांवर जातो आणि तो भारही पिकअपच्याच ब्रेकवर येतो. तापलेला ड्रम फुगून लायनरपासून दूर सरकतो, ब्रेक ऑइलला उकळी फुटते आणि पेडल खाली जाते. इंजिन किती हॉर्सपॉवरचे आहे याचा इथे काहीही उपयोग नसतो.

याच गैरसमजातून ‘जादा पाटा टाकला की पासिंग (माल वाहण्याची मर्यादा) वाढते’ हे दुसरे खूळ निघाले आहे. गाडी मागून बसू लागली की गॅरेजात यू-बोल्ट सैल करून स्प्रिंगमध्ये एक पाटा वाढवला जातो. गाडी पुन्हा ताठ उभी राहते आणि मालकाला वाटते, काम झाले. प्रत्यक्षात वाढलेला असतो तो फक्त स्प्रिंगचा कडकपणा. अॅक्सल, हब बेअरिंग, टायर, ब्रेक, चासी तीच राहतात, आणि गाडी बसल्यामुळे मिळणारी धोक्याची खूण मात्र नाहीशी होते. बेअरिंगचे आयुष्य मोजण्याचे आयएसओ 281 हे आंतरराष्ट्रीय मानक सांगते, की भार वाढतो त्याच्या सुमारे घनाच्या प्रमाणात आयुष्य घटते. भार सव्वापट झाला की आयुष्य निम्मे. उतार संपल्यावर गाडी उभी करून चारही हबजवळ हात नेऊन पाहावा, टेकवू नये. एकच चाक इतरांपेक्षा जास्त तापलेले जाणवले तर तिथले बेअरिंग किंवा चिकटलेला ब्रेक उघडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ट्रेलरच्या बाबतीत माल कुठे ठेवला हे किती ठेवला याइतकेच महत्त्वाचे असते. ट्रेलरच्या एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा हुकवर पडायला हवा. माल मागच्या टोकाला ठेवला तर हुक वर उचलला जातो आणि वेग वाढताच ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो. हुकवरचा भार पिकअपच्या मालातच मोजायचा. तो मागच्या अॅक्सलच्याही मागे पडत असल्याने पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड कमी होते.

पेलण्याचा अधिकृत आकडा आरसीवर लिहिलेला असतो. ओढण्याचा, दिलेला असल्यास, कंपनीच्या पुस्तिकेत. बोलेरो पिकअपच्या नावातले 1.7 हे मालाचे टन आहेत आणि हौद्यावर चढवलेली जाळी, ताडपत्री, दोरखंड त्यातूनच वजा होतात. 2019च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194मध्ये ओव्हरलोडसाठी 20 हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2 हजार रुपये दंड आहे. जादा माल उतरवण्याचा खर्चही गाडीवाल्यावरच पडतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘उतारावर न्यूट्रल केल्याने डिझेल वाचते’: कॉमन रेल इंजिनात गियरमध्ये राहून अॅक्सिलरेटर सोडला की इंधन बंद होते, न्यूट्रलमध्ये मात्र ते जळतच राहते आणि इंजिन ब्रेकिंगही जाते. हा गैरसमज जिवावर बेतणारा आहे. ‘ऑइल काळे पडले म्हणजे खराब झाले’: डिझेल इंजिनात काजळी धरून ठेवणे हेच ऑइलचे काम आहे, ते किलोमीटर पाहून बदलावे, रंग पाहून नव्हे. ‘डीईएफऐवजी खताचा युरिया चालतो’: डीईएफमध्ये 32.5 टक्के अतिशुद्ध युरिया आणि बाकी क्षारविरहित पाणी असते. खतातल्या अशुद्धीने धूर शुद्ध करणारी एससीआर यंत्रणा निकामी होते. ‘बीएस-6 गाडी बाजारातल्या बाजारात फिरवली तर जास्त टिकते’: डीपीएफ या धुराच्या गाळणीतली काजळी जळायला मोकळ्या रस्त्यावरचा सलग वेग लागतो.

आणि ‘10 वर्षांनी डिझेल गाडी भंगारात जाते’ हा नियम सुरतेचा नाही. राष्ट्रीय हरित लवादाचा 2015चा तो आदेश दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरता होता. सुरतेत मालवाहू पिकअप रस्त्यावर चालायची तर तिचे फिटनेस प्रमाणपत्र चालू असावे लागते. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येनुसार ट्रेलर हेही स्वतंत्र मोटार वाहन असल्याने त्याची नोंदणी वेगळी करावी लागते.