मॉरिशस म्हणजे ‘छोटा भारत’ नव्हे

मॉरिशस फिरून आलेला मराठी माणूस हमखास सांगतो, ‘तिथे सगळे आपलेच, हिंदीवर भागतं.’ हॉटेलात भागतही असेल. पण घराघरांत बोलली जाते ती क्रिओल. फ्रेंच अमदानीत, आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांत ती घडली. 1834 पासून आलेल्या भारतीय गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध, मजुरांची पतवंडंही आज तीच बोलतात. त्या मजुरांतल्या बहुसंख्यांची बोलीदेखील हिंदी नव्हती, भोजपुरी होती.

‘इंग्रजांचं राज्य होतं, म्हणजे राजभाषा इंग्रजी’ हा दुसरा पक्का समज. राज्यघटनेने इंग्रजी ठरवली ती संसदेपुरती, त्यातही फ्रेंच बोलायची मुभा ठेवून. देशाची राजभाषा तिने ठरवलीच नाही. वर्तमानपत्रं आजही बहुतेक फ्रेंचच. 1810 मध्ये फ्रेंचांकडून बेट घेताना ब्रिटिशांनी रहिवाशांचा धर्म, कायदे आणि चालीरीती राखण्याचं वचन दिलं होतं, त्याचा हा परिणाम.

सर्वांत मोठा घोटाळा ‘हिंदू’ या शब्दाभोवती होतो. जवळपास निम्मी वस्ती हिंदू आहे खरी, पण तमिळ, तेलुगू, मराठी मंडळी स्वतःला वेगळी मोजतात. महाशिवरात्र, थैपुसम कावडी, उगादी, गणेश चतुर्थी, प्रत्येकाची सरकारी सुट्टी निराळी. तिथली नोट हातात घेऊन पाहा: आधी इंग्रजी, मग तमिळ, त्याखाली देवनागरी. 1998 मध्ये देवनागरी तमिळच्या वर चढली आणि तमिळ समाज खवळला. त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. राग समजण्यासारखा होता. तमिळ कारागीर गिरमिटियांच्या सुमारे शंभर वर्षं आधीच बेटावर आले होते.

म्हणून धर्म एकमेकांपासून फटकून राहतात असंही नाही. 1864 मध्ये वारलेल्या कॅथलिक मिशनरी फादर लावाल यांच्या सेंत-क्रुआ इथल्या समाधीवर दर सप्टेंबरात ख्रिश्चनांबरोबर हिंदू आणि मुसलमानही नवस फेडायला जातात.

राहिले आपले कोकणातून गेलेले मराठी. ‘ते मराठी विसरले’ म्हणून हळहळणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं: सणवार आणि मंडळं त्यांनी टिकवली आहेत, आणि सरकारी प्राथमिक शाळांत मराठी ऐच्छिक विषय आहे. ज्या क्रिओलमध्ये ती मुलं घरी भांडतात, तिला ऐच्छिक विषयांच्या यादीत जागा मिळाली ती थेट 2012 मध्ये.