इंद्रियदमन : मिळून बांधायचा कोट



गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या 5 व्या अध्यायात पौलाने आत्म्याच्या फळाचे नऊ गुण सांगितले आहेत. पहिल्या गुणावर, म्हणजे प्रीतीवर, आपण पुष्कळ उपदेश ऐकतो. शेवटच्या इंद्रियदमनावर क्वचितच. आणि ऐकला, तर तो बहुधा एवढाच असतो : मन घट्ट करा, वाईट सवय सोडा. ज्याने दहादा मन घट्ट केले आणि दहादा पडला, त्याने काय करावे?

दोन गोष्टी ध्यानात घेऊ या. एक, हे फळ आत्म्याचे आहे, आपल्या जिद्दीचे नव्हे. दुसरी, हे पत्र एका माणसाला नाही, तर गलतियातील मंडळ्यांना लिहिलेले आहे. देहाच्या कर्मांत पौल दारूबाजीच्या जोडीला वैर, कलह, मत्सर आणि राग हेही मोजतो. म्हणजे संयम सुटला की मंडळी दुखावते, आणि तो वाढायचा तोही मंडळीतच.

नीतिसूत्रे 25:28 मध्ये स्वतःवर ताबा नसलेल्या माणसाला कोट पडलेल्या नगराची उपमा दिली आहे. पडलेला कोट पुन्हा कसा बांधतात, हे नहेम्याच्या पुस्तकात दिसते. यरुशलेमेचा कोट 52 दिवसांत पुरा झाला. 3 ऱ्या अध्यायात बांधणाऱ्यांची लांबलचक यादी आहे. कित्येकांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला, आणि त्यांच्या शेजारी दुसरे बांधत होते. आपला भाग ज्याचा त्यानेच बांधायचा, पण एकट्याने नाही.

आपण ज्या पाड्यांसाठी प्रार्थना करता, तिथे याचा अर्थ फार स्पष्ट होतो. चैत्राच्या सुमारास मोहाची फुले गळू लागतात. पहाटे बायका-मुले ती वेचतात, वाळवतात. मोह हे देवाचे चांगले दान आहे. फुले खाता येतात, बियांचे तेल निघते, हातात चार पैसे येतात. त्याच फुलांची दारूही गाळतात, आणि ती लग्नात, मयताला, पाहुण्यापुढे येते. ती नाकारणाऱ्या नव्या विश्वासणाऱ्याला नुसती तलफ सोसायची नसते. ‘तू आता आमच्यातला राहिला नाहीस’ हे भाऊबंदांचे बोलणेही सोसायचे असते. दारू चारचौघांत बसून प्यायली जाते. ती सोडणाऱ्याला बसायला दुसरी चार माणसे लागतात. ती मंडळीने द्यायची आहेत.

यासाठी काही साध्या गोष्टी करता येतात. आठवडी बाजार, मजुरी मिळण्याचा दिवस, लग्नसराई, या धोक्याच्या वेळा असतात. त्या दिवशी एखाद्या भावाने त्याच्याबरोबर जावे आणि बरोबरच परतावे. त्याची संमती असेल तर मजुरी सरळ पत्नीच्या हाती द्यावी. संध्याकाळची घरप्रार्थना त्याच्या घरी ठेवावी. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, तर हातपाय कापणे, भ्रम होणे, झटके येणे असे जिवावर बेतू शकते. अशा भावाला प्रार्थनेबरोबर डॉक्टरकडेही न्यावे. त्यात विश्वासाची उणीव नाही.

आणि तो पुन्हा पडला तर? पौल लगेच पुढच्या अध्यायात (6:1) सांगतो की अशाला सौम्यतेने परत उभे करावे, आणि उभे करणाऱ्याने स्वतःलाही सांभाळावे. याकोब एकमेकांजवळ पाप कबूल करण्यास सांगतो (5:16). पण आज केलेली कबुली उद्या ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून साऱ्या मंडळीत फिरली, तर पुन्हा कोण तोंड उघडेल? ऐकणाऱ्याच्या जिभेवर ताबा नसेल, तर पडलेल्याला आधार मिळत नाही.

म्हणून हा विषय केवळ पाड्यावरच्या भावाचा नाही. कमिटीच्या बैठकीत चढणारा आवाज, महिनोन्‌महिने धरलेला अबोला, रात्री हातातून न सुटणारा मोबाइल, हे आपल्या घरासमोरचे पडके भाग आहेत. रोमकरांस 14:21 मध्ये पौल याहून पुढे जातो : ज्याने भाऊ अडखळतो, ते आपल्याला चालत असले तरी सोडून द्यावे. एका अशक्त भावासाठी सगळ्या मंडळीने काही सोडणे, हेही इंद्रियदमनच आहे.

या तिमाहीत प्रत्येक कुटुंबाने अशा एका व्यक्तीचे नाव प्रभूपुढे ठेवावे, आणि आठवड्यातून एकदा तिच्या घरी जावे. दारू सोडू पाहणाऱ्या भावांसाठी, त्यांच्या पत्नी-मुलांसाठी आणि रात्री-अपरात्री त्यांच्या हाकेला धावणाऱ्या पाळकांसाठी प्रार्थना करावी, ही विनंती.