अंधुक छायाचित्रें आणि त्यांचा जीर्णोद्धार

पूर्वीं छायाचित्र काढविणें हा घरांतील एक लहानसा समारंभच असे. लग्न, मुंज किंवा मुलाचें परगांवीं शिकावयास जाणें, असा कांहीं प्रसंग आला म्हणजे मंडळी पेठेंतील छायाचित्रकाराकडे जात आणि वर्षाकांठीं एक-दोन चित्रें घरांत येत. आतां मोबाइल हातीं आल्यापासून लहान पोर देखील घटकाभरांत वीस चित्रें काढून मोकळें होतें. परंतु ज्या प्रसंगांची आठवण राहावी असें मनापासून वाटतें, ते आपले बहुतेक प्रसंग दिवेलागणीनंतरचे असतात. मंगळागौरीचा जागर, आमच्या खानदेशांतील कानबाईची रात्र, कोजागिरीचें दूध, दिवाळींतील पहांटेचें अभ्यंग, समईच्या उजेडांत पोथी वाचणारे वडील. दुसऱ्या दिवशीं चित्रें पाहावीं, तों वडिलांच्या मुखाच्या जागीं एक पिवळसर डाग आणि आरतीच्या जागीं प्रकाशाची एक वांकडी रेघ! मग घरांतील तरुण मंडळी धीर देतात, "असूं द्या, सॉफ्टवेअरनें नीट करूं." हें "नीट करणें" म्हणजे नेमकें काय, तें कोठवर शक्य आहे आणि कोठें थांबणें इष्ट आहे, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम अंधुकपणाचें मूळ पाहूं. कॅमेरा हें प्रकाश सांठविण्याचें पात्र आहे. पागोळीखालीं ठेविलेलें भांडें मुसळधार पावसांत क्षणांत भरतें, परंतु भुरभुर पावसांत त्यास पुष्कळ वेळ ठेवावें लागतें, तसेंच येथेंही. भर दुपारच्या उन्हाचा प्रकाश सुमारें १,००,००० लक्स भरतो. रात्रीं दिवा लाविलेल्या सामान्य खोलींत तो १०० लक्सच्या आसपास असतो. आणि एका मेणबत्तीचा प्रकाश १ मीटर अंतरावर जेमतेम १ लक्स पडतो. उन्हांत सेकंदाच्या हजाराव्या भागांत जें भांडें भरतें, तेंच एका मेणबत्तीपुढें भरावयास हिशेबानें दीड मिनिटाहून अधिक काळ लागावा. इतका वेळ निश्चल कोण बसणार? म्हणून कॅमेरा दोन तडजोडी करतो. एक, तो शटर अधिक वेळ उघडें ठेवतो. आणि दोन, जो थोडासा प्रकाश मिळाला त्यालाच वाढवून दाखवितो. पहिल्या तडजोडीनें चित्र फरकटतें, दुसरीनें तें रवाळ होतें.

वैद्य जसा निदानावांचून औषध देत नाहीं, तसेंच बिघडलेल्या चित्राचेंही आधीं निदान करावें. चित्रांतील भिंत, माणसें, दिवे हीं सर्व एकाच दिशेस ओढल्यासारखीं दिसत असतील, तर काढणाऱ्याचा हात हलला. भिंत स्वच्छ आणि फुगडी घालणाऱ्या मुली मात्र पुसट, तर माणसें हललीं. माणसें पुसट पण मागील भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीखही वाचतां येते, तर फोकस चुकला. आणि सर्व कांहीं जागच्या जागीं असून वर वाळू पसरल्यासारखे रंगीत कण दिसत असतील, तर प्रकाश अपुरा पडला. या चार रोगांचीं औषधें निरनिराळीं आहेत, आणि त्यांतील तीन रोग चित्र काढतांनाच टाळणें सोपें असतें.

मंद प्रकाशांत चित्र कसें घ्यावें याचा वस्तुपाठ आपल्या शेजारींच आहे. धरणगांवाहून जळगांवास आणि तेथून सुमारें ६० किलोमीटरांवर अजिंठ्याची लेणीं. इ. स. १८१९ मध्यें जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस तीं पडल्यापासून तेथील भित्तिचित्रें जगास जशींच्या तशीं कशीं दाखवावीं, हा प्रश्न पंडितांना सतावीत आला. इ. स. १८४४ पासून रॉबर्ट गिल यानें कित्येक वर्षें तेथें राहून रंगांत प्रतिकृति केल्या. त्यांतील बहुतेक इ. स. १८६६ मध्यें लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळाल्या. पुढें मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनीं विद्यार्थ्यांसह इ. स. १८७२ पासून पुन्हां प्रतिकृति केल्या. त्यांतील पुष्कळशा लंडनमध्येंच इ. स. १८८५ च्या आगींत गेल्या. गिलपाशीं कॅमेरा होता आणि त्यानें काढलेलीं लेण्यांचीं छायाचित्रें इ. स. १८६४ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्धही झालीं. परंतु त्या काळच्या ओल्या काचेवरील रसायनास तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे, आणि अजिंठ्याच्या भिंती तर गेरूनें रंगलेल्या! शिवाय आंत अंधार. त्यामुळें स्तंभ, कमानी, दर्शनी भाग यांचीं चित्रें उत्तम आलीं, तरी भित्तिचित्रांसाठीं कुंचल्याचाच आश्रय करावा लागला. हा उद्योगी गृहस्थ इ. स. १८७९ मध्यें वारला. त्याची कबर आमच्याच खानदेशांत, भुसावळास आहे.

अंधारावर प्रखर दिवे हा उपाय सहज सुचतो. परंतु तीव्र प्रकाशानें जुने रंग विटण्याचें भय असतें, म्हणून चित्रित लेण्यांत फ्लॅश वापरण्यास बंदी आहे. मग इ. स. १९९१-९२ मध्यें बिनॉय बहल यांनीं तेथील चित्रांचीं रंगीत छायाचित्रें घेतलीं तीं कशीं? तर प्रकाश वाढवून नव्हे, काळ वाढवून. कॅमेरा अचल ठेवून, अगदीं मंद प्रकाशांत, शटर दीर्घकाळ उघडें ठेवून. नाशिकचे प्रसाद पवार यांनींही मंद प्रकाशांतच अजिंठ्याचीं छायाचित्रें घेण्यास पुष्कळ वर्षें वेंचलीं, आणि त्या छायाचित्रांवर संगणकाच्या साह्यानें भग्न भागांचा जीर्णोद्धार करण्याचें काम चालविलें. अनुक्रम लक्ष्यांत घ्यावा: आधीं स्थैर्य, मग संगणक. भांड्यांत जें पडलेंच नाहीं तें मागाहून गाळून कसें मिळणार?

हें स्थैर्य गृहस्थाश्रमांतही साधतां येतें. तिवई असल्यास उत्तम. नसल्यास मोबाइल पाण्याच्या तांब्यास किंवा धान्याच्या डब्यास टेकवावा, अथवा दोन्ही कोपर टेबलावर ठेवावे. बोटाच्या दाबानेंही यंत्र हलतें, म्हणून दोन-तीन सेकंदांचा टायमर लावावा. त्यापूर्वीं मऊ कापडानें भिंग पुसावें. सणाच्या दिवशीं स्वयंपाकघरांत फिरलेल्या मोबाइलच्या भिंगावर तुपाचें बोट असतेंच असतें, आणि दिव्याभोंवतीं दिसणारें धुकें पुष्कळदां तेंच असतें. माणसाच्या मुखावर बोट टेकवून फोकस तेथें साधावा. दूरचें जवळ आणण्यासाठीं दोन बोटांनीं चित्र ताणूं नये. चार पावलें पुढें जावें.

प्रकाशाचा एक नियम गृहिणींनीं ध्यानांत ठेवावा. लहान ज्योतीपासूनचें अंतर निम्में केलें कीं मुखावरील प्रकाश चौपट होतो. समईपासून दोन हात दूर बसलेल्या माणसास एक हात अंतरावर बसविलें, तर चौपट किंमतीच्या यंत्रानें व्हावें तें काम फुकट होतें. दिवा पाठीमागें न येतां समोर किंवा बाजूस यावा. बसलेल्या माणसासाठीं सेकंदाचा साठावा भाग पुरतो; खेळणाऱ्या मुलींसाठीं अडीचशेव्या भागाच्या आसपास शटर ठेवावें लागतें, म्हणून तेथें ट्यूबलाइट लावण्यांत कमीपणा मानूं नये. मोबाइलमध्यें "नाइट मोड" म्हणून जी सोय असते ती लागोपाठ अनेक चित्रें घेते, तीं एकमेकांवर बसविते आणि त्यांची सरासरी काढते. सोळा चित्रांची सरासरी घेतली म्हणजे रवाळपणा एक-चतुर्थांशावर येतो. मात्र ही युक्ति स्थिर वस्तूंसाठीं आहे. हलत्या मुलाचें तींत भूत होतें.

आतां सॉफ्टवेअरकडे वळूं. मोबाइलवर स्नॅपसीड, संगणकावर गिम्प किंवा डार्कटेबल हीं विनामूल्य मिळतात. लाइटरूमसारखीं कांहीं मोल देऊन घ्यावीं लागतात. साधन कोणतेंही असो, क्रम एकच ठेवावा. प्रथम मूळ चित्राची प्रत करावी आणि मूळास हात लावूं नये. मग काळोखे भाग थोडे उजळावे, परंतु समईच्या ज्योतीचा पांढरा ठिपका होईपर्यंत नव्हे. नंतर दिव्याचा पिवळेपणा कमी करावा. सर्वस्वीं काढल्यास रात्रीचें चित्र दिवसाचें वाटूं लागतें. पुढें रवाळपणा बेतानें घटवावा, आणि कडा तीक्ष्ण करणें सर्वांत शेवटीं. रंगीत कण कांहीं केल्या जात नसतील तर चित्र कृष्णधवल करून पाहावें. पुष्कळदां तेंच अधिक प्रसन्न दिसतें.

या सर्व क्रियांची योग्यता मात्र सारखी नाहीं. आपल्या न्यायशास्त्रांत प्रत्यक्ष आणि अनुमान हीं प्रमाणें मानिलीं आहेत. तोच भेद येथें लावून पाहावा. कॅमेऱ्यानें टिपलेलें परंतु काळोखांत दडलेलें उजळून दाखविणें हें प्रत्यक्षच. त्यांत नवें कांहीं घातलें जात नाहीं. हात कोणत्या दिशेनें किती हलला हें ताडून चित्र उलट दिशेनें सांवरणें हें अनुमान. त्यास हेतु आहे, म्हणून तें आदरणीय आहे. इ. स. १९९० मध्यें अवकाशांत सोडलेल्या हबल दुर्बिणीचा आरसा कडेशीं सुमारें दोन मायक्रॉननें, म्हणजे केंसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी, चुकीचा घासला गेला होता. त्यामुळें सर्व चित्रें पुसट येऊं लागलीं. दोष नेमका ठाऊक असल्यामुळें गणितानें बरींच चित्रें सुधारलीं. तरी अगदीं फिकट तारका त्या गणिताच्या हातीं लागेनात. अखेर इ. स. १९९३ च्या डिसेंबरांत अंतराळवीरांनीं वर जाऊन दोष सुधारणारे आरसे बसविले, तेव्हां कोठें दृष्टि स्वच्छ झाली. उत्तम अनुमानाचीही मर्यादा ती इतकी.

तिसरा प्रकार याहून निराळा आहे, आणि त्याविषयींच सावध राहावयाचें. हल्लीं एका कळीसरशीं पुसट मुख रेखीव करून देणारीं सॉफ्टवेअरें निघालीं आहेत. लाखों परक्या मुखांचा अभ्यास करून, "अशा ठिकाणीं सामान्यतः असा डोळा असतो," इतक्याच आधारावर तीं डोळा रेखितात. हें ना प्रत्यक्ष, ना अनुमान. ही कल्पना होय. इ. स. २०२० मध्यें अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत तयार झालेल्या अशाच एका साधनास बराक ओबामा यांचें पुसट चित्र दिलें असतां त्यानें एका गोऱ्या माणसाचें मुख काढून दिलें. जगप्रसिद्ध माणसाच्या बाबतींत चूक लगेच उमगली. आपल्या घरांतील वृद्धांच्या बाबतींत ती कोण ओळखणार?

हा प्रश्न केवळ हौसेचा नाहीं. घरांतील वडील माणूस गेलें म्हणजे भिंतीवर लावावयास एक चांगलें चित्र हवें असतें, आणि तें मिळत नाहीं. मग एखाद्या लग्नांतील रात्रीच्या समूहचित्रांतून तें मुख कापून काढतात आणि असल्या सॉफ्टवेअरच्या हवालीं करतात. परत येतें तें एक गुळगुळीत, तेजस्वी, सुंदर मुख. कपाळावरची देवीची खूण गेलेली, एका डोळ्याची किंचित् तिरपी नजर सरळ झालेली. ज्यांनीं त्या माणसास पाहिलें आहे त्यांना प्रथम थोडें परकें वाटतें, पण दुःखाच्या भरांत कोणी बोलत नाहीं. दोन वर्षांत डोळ्यांस त्याची संवय होते. आणि जीं नातवंडें मागाहून जन्मास येतील त्यांचे आजोबा तेच, जे कधीं कोणाचेच आजोबा नव्हते. दहा वेळां विचार करून एक पुसट पण खरें चित्र भिंतीवर लावावें; त्यांत कमीपणा नाहीं.

अजिंठ्यानें या बाबतींतही एक धडा घालून दिला आहे. चित्रांच्या रक्षणासाठीं म्हणून मागें केव्हां त्यांवर रोगण देण्यांत आलें. हेतु चांगला, पण रोगण कालांतरानें पिवळें पडलें आणि तें काढण्याचें नाजुक काम पुढच्या पिढ्यांस करावें लागलें. संगणकावरील जीर्णोद्धाराचा मोठा गुण हाच कीं, तो प्रतिकृतीवर होतो. मूळ भिंतीस धक्का लागत नाहीं, आणि चुकलें असें वाटल्यास पुन्हां भिंतीपाशीं जाऊन पडताळा पाहतां येतो. गिलच्या प्रतिकृति जळाल्या तरी भिंत उभी होती, म्हणून ग्रिफिथ्स यांस पुन्हां आरंभ करतां आला. गेलेल्या माणसाच्या बाबतींत अशी भिंत कोठली? तेथें मूळ अंधुक चित्र हीच भिंत. तें पुसून टाकलें कीं पडताळा पाहावयास कांहीं उरत नाहीं.

म्हणून प्रत्येक कुटुंबानें तीन गोष्टींचा परिपाठ ठेवावा. मूळ चित्रें, कशींही असोत, निराळ्या ठिकाणीं जशींच्या तशीं ठेवावीं आणि त्यांच्या दोन प्रती दोन ठिकाणीं असाव्या. सुधारलेल्या प्रतीच्या नांवांत "सुधारित" हा शब्द घालावा. आणि घरांतील जाणत्या मंडळींनीं तरुणांजवळ बसून चित्रांतील माणसांचीं नांवें, नातें, गांव आणि वर्ष लिहून द्यावें. हें काम कोणतेंही सॉफ्टवेअर करूं शकणार नाहीं, आणि तें करणारीं माणसेंही फार दिवस थांबणार नाहींत. दिवसा फुरसतीच्या वेळीं, खिडकीजवळच्या उजेडांत, घरांतील प्रत्येक वृद्धाचें एक स्वच्छ चित्र आतांच काढून ठेवलें, तर पुढें जीर्णोद्धाराचा प्रसंगच यावयाचा नाहीं.