‘नॉक’ की गुडघ्याचा घात?

शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा यांचा सामना असो की विश्वचषकातला ब्राझील-अर्जेंटिनाचा, कोल्हापुरात खेळाडूंच्या दुखापतींची चर्चा होतेच. परदेशी संघांच्या बातम्यांतील इंग्रजी शब्द आता तालमीतील पोरांच्याही तोंडी बसले आहेत. ‘डॉक्टर, नुसता नॉक आहे, रविवारी खेळू ना?’ असे विचारत ती दवाखान्यात येतात. म्हणून या शब्दांचे अर्थ पाहू.

‘नॉक’ म्हणजे मुका मार. ‘निगल’ म्हणजे बारीक, रेंगाळणारे दुखणे. ‘डे टू डे’ म्हणजे एका दिवसात बरा होणार असे नव्हे; रोज तपासून ठरवणार, एवढेच. ‘टच अँड गो’ म्हणजे खेळेल की नाही ते अगदी काठावर. ‘पुल्ड हॅमस्ट्रिंग’मध्ये मांडीमागचा स्नायू नुसता ओढला जात नाही, त्याचे तंतू तुटलेले असतात. थोडे तुटले तर २-३ आठवडे, जास्त तुटले तर काही महिने लागतात.

मात्र हे शब्द म्हणजे निदान नव्हे. प्रतिस्पर्ध्याला तपशील कळू नये म्हणूनही ते मोघम ठेवले जातात. शिवाय मोठ्या संघातील खेळाडूला आधी डॉक्टर तपासतात; आपला पोरगा स्वतःच ‘नॉक’ ठरवून मोकळा होतो.

पाय रोवलेला असताना गुडघा पिरगळला, आतून ‘कट्’ असा आवाज आला, काही तासांतच सूज चढली आणि चालताना गुडघा निसटू लागला, तर तो मुका मार नव्हे. बातम्यांत ‘ए.सी.एल.’ म्हणतात तो आतला अस्थिबंध तुटला असण्याची शक्यता मोठी असते. तसेच खेळत राहिल्यास गुडघ्यातील गादी फाटते आणि तरुणपणीच सांधा झिजू लागतो. शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतण्यास साधारण ९ महिने तरी लागतात.

ब्राझीलचा रोनाल्डो गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर एप्रिल २००० मध्ये मैदानात उतरला आणि काही मिनिटांतच त्याच गुडघ्याची शीर पूर्ण तुटली. पुढे दीर्घ विश्रांती व व्यायामानंतर २००२ चा विश्वचषक त्यानेच गाजवला.

दुखापत होताच खेळ थांबवावा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे लावावा, क्रेप बँडेज बांधून पाय उंच ठेवावा. पहिले ४८ तास तेल चोळणे, गरम शेक किंवा सांधा ओढून बसवणे कटाक्षाने टाळावे. डोक्याला मार लागून भोवळ, उलटी किंवा गोंधळलेपणा आला तर त्या दिवशी खेळ बंद, आणि थेट रुग्णालय गाठावे.

एक सामना हुकला तर पुढचा मिळतो. गुडघा मात्र जन्मभर पुरवायचा असतो.