घाट चढणारें इंजिन

गेल्या पावसाळ्यांत नववीच्या एका विद्यार्थ्यानें मला विचारिलें, "सर, माझ्या मामांच्या नव्या मोटारींत टर्बो बसविलेलें पेट्रोल इंजिन आहे. ती कसारा घाट पांखरासारखी चढली. पुढें एक ट्रेलर मात्र मुंगीच्या पावलांनीं चालला होता. त्यालाही तसेंच इंजिन कां देत नाहींत?" प्रश्न मार्मिक आहे. तासाची घंटा झाल्यामुळें उत्तर अर्धें राहिलें, तें येथें पुरें करितों.

न्हावाशेव्याहून निघालेला ट्रेलर कल्याण फाटा, भिवंडी, शहापूर करीत कसाऱ्यास पोहोंचतो, तेव्हां मालासुद्धां त्याचें वजन चाळीस टनांवर असूं शकतें. मोटार दीड टनाची. तिला क्षणभर जोर पुरतो. ट्रेलरच्या इंजिनास मात्र पायथ्यापासून माथ्यापर्यंत उसंत नाहीं. याच घाटांत रेल्वेचा चढ सदतिसांस एक आहे, आणि तेथें गाड्यांना मागून जादा इंजिनें लावितात. ट्रेलरला मागून ढकलणारा कोणी नसतो!

पेट्रोल इंजिनांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण दट्ट्या दाबतो, आणि ठिणगीनें तें पेटतें. दाब फार वाढविल्यास मिश्रणाचा कांहीं भाग आपण होऊन भडकतो, इंजिन ठोके देऊं लागतें व दट्ट्यास इजा होते. म्हणून मिश्रण सुमारें दहाव्या हिश्शापर्यंतच दाबतात. डिझेल इंजिनांत नुसती हवा दाबावयाची असते, तीही सतराव्या-अठराव्या हिश्शापर्यंत. ती इतकी तापते कीं, मागाहून फवारलेलें तेल ठिणगीवांचून पेट घेतें. रुडॉल्फ डिझेल यांनीं १८९७ सालीं जर्मनींत ऑग्सबर्ग येथें हें सिद्ध करून दाखविलें. दाब अधिक, म्हणून तितक्याच इंधनांत काम अधिक.

टर्बोची कल्पना स्विस इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी यांची. तिचें पेटंट १९०५ सालचें. बाहेर पडणाऱ्या तप्त वायूनें चक्र फिरवून इंजिनांत जादा हवा कोंबावयाची. डिझेलला ही मेजवानीच होय. पेट्रोल इंजिनांत मात्र तीच हवा ठोक्यांचें भय वाढविते, आणि दीर्घ चढावर उष्णता आवरण्यासाठीं अनेकदां गरजेहून अधिक पेट्रोल ओतावें लागतें. मामांना तें परवडेल, ट्रेलरच्या मालकास नाहीं. अमेरिकेंत फोर्डचे हलके ट्रक टर्बो पेट्रोल इंजिनावर बोटी ओढतात. परंतु त्याच कंपनीच्या सर्वांत थोर ओझें ओढणाऱ्या गाड्या डिझेलवर चालतात.

उतारावर मात्र डिझेलचें उणें दिसतें. पेट्रोल इंजिनांत पाय काढतांच हवेची वाट मिटते व गाडी आपोआप आवरली जाते. डिझेलमध्यें तसें फारसें होत नाहीं. म्हणून जळका वायु अडविणारा निराळा ब्रेक बसवितात. डिझेल वांचविण्याकरितां उतारावर गाडी न्यूट्रलमध्यें सोडण्याची कांहीं चालकांची खोड जिवावर बेतणारी आहे. सारा भार चाकांच्या ब्रेकांवर पडतो, ते तापतात आणि ऐन वळणावर निकामी होतात. ज्यांचे वडील या धंद्यांत आहेत, त्यांनीं हें घरीं अवश्य बोलावें.

धुराच्या बाबतींतही पेट्रोल उजवें. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. त्यामुळें नव्या डिझेल ट्रकांत काजळी अडविणारी गाळणी व विषारी वायु मारणारा युरियाच्या पाण्याचा फवारा असतो. तथापि जुने ट्रक अद्याप रस्त्यावर आहेत, आणि मुंब्र्याच्या वळणरस्त्यावर त्यांच्यामागें शाळेची बस अडकली म्हणजे खिडक्या लावून घ्याव्या लागतात.