घरचं दुखणं – भाग ९ : रात्री दोन वाजता कोण ठरवणार?

गेल्या भागात घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर कसा वापरायचा ते पाहिलं. ते यंत्र पुरेनासं होण्याचीही वेळ येते, आणि ती बहुधा रात्रीच येते. सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार, असो की दुबळं झालेलं हृदय, पेशंट अचानक खालावतो, इस्पितळात जातो, सावरून घरी येतो. पण आधी बाथरूमपर्यंत चालत जाणारा माणूस आता पलंगाशेजारी कमोडची खुर्ची मागतो. पुढच्या खेपेला तीही झेपत नाही.

अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की घरातल्या प्रत्येकाच्या मनात तोच प्रश्न असतो: पुढच्या वेळी न्यायचं का, आणि नेलं तर व्हेंटिलेटर लावू द्यायचा का? मोठ्याने मात्र कोणी विचारत नाही. देवघरात गंगेचा सीलबंद गडू वर्षानुवर्षं तयार असतो, शेवटी आपल्याला नेसवायचं लुगडंही आजीने स्वतःच काढून ठेवलेलं असतं. ‘अभद्र बोलू नये’ हा नियम बहुतेक वेळा मुलांचाच असतो.

विचारायचं ते घरी परतल्यावर, आठवण ताजी असताना. थेट मरणाचा विषय काढू नका. “आई, आयसीयूत सगळ्यात नकोसं काय वाटलं गं?” एवढंच विचारा. कोणी घशातली नळी म्हणेल, कोणी बांधलेले हात, कोणी “तुमच्यापैकी एकही तोंड दिसत नव्हतं” असं म्हणेल. पुढचे निर्णय या उत्तरांतूनच निघतात. नळी नको म्हणणारा माणूस उपचार नको म्हणत नसतो. ऑक्सिजन, अँटिबायोटिक, लघवी वाढवून सूज उतरवणारं औषध हे बरंचसं घरी देता येतं. दम फारच लागला तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिनचा अगदी लहान डोसही देतात, त्याने घुसमट कमी होते. हे कोणी समजावून सांगितलं नाही की ‘सगळं करा’ आणि ‘काहीच नको’ असे दोनच पक्ष उरतात, आणि भावंडं त्यांत वाटली जातात.

आता कायद्याचं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात ‘लिव्हिंग विल’ला, म्हणजे पुढे सांगता आलं नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदाला, मान्यता दिली. पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत असे, त्यामुळे ती कागदावरच राहिली. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ही अट काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. जिना उतरू न शकणाऱ्यासाठी हा फरक मोठा आहे, कारण नोटरीला घरी बोलावता येतं. मजकूर पुढे केव्हाही बदलता येतो. मात्र हा कागद मुख्यतः इस्पितळात उपयोगी. पेशंट स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल आणि बरं होण्याची आशा उरली नसेल, तेव्हा डॉक्टरांची दोन मंडळं त्यावर विचार करतात. अँब्युलन्स बोलवायची की नाही, हे तो कागद ठरवत नाही. ते घरानेच आधी ठरवायचं असतं.

इस्पितळात आपल्या वतीने निर्णय घेणारा म्हणून लिव्हिंग विलमध्ये कोणाचं नाव घालायचं, यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. एकापेक्षा अधिक नावं चालतात. थोरला मुलगा न्यू जर्सीत असेल तर केवळ थोरला म्हणून त्याला पहिला मान देऊ नका. लांब असल्याची टोचणी लागलेला मुलगा विमानतळावरून थेट इस्पितळात येतो आणि “सगळं करा” म्हणतो; त्याचं प्रेम खरं असलं, तरी गेली चार वर्षं रात्री उठून नेब्युलायझर लावणारी सून जास्त जाणते. त्याला व्हिडिओ कॉलवर घ्या आणि आईच्या तोंडूनच ऐकू द्या.

घरीच राहायचं ठरलं असेल तर आणखी एक तजवीज करावी लागते. घरी मृत्यू झाल्यावर त्याचं कारण ‘४-अ’ नमुन्यात लिहून द्यायचं, ते शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी. महिनोन्‌महिने कोणी डॉक्टर घरी आलेच नसतील, तर पहाटे बोलावलेला अनोळखी डॉक्टर सही करायला कचरतो आणि प्रकरण पोलिसांपर्यंतही जाऊ शकतं. फॅमिली डॉक्टरांशी आजच बोला, होम व्हिजिट नियमित ठेवा, आणि प्रत्येक भेटीची नोंद तारखेसह फाइलमध्ये करून घ्या.