फोनमधला फासा आपल्याला फसवतो का? एकट्याने खेळायच्या नशिबाच्या गेम्समागचं गणित

"या अ‍ॅपमध्ये सहा पडतच नाही यार!" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. लाकडी फाशावर आपण सहसा असा संशय घेत नाही. तो समोर गडगडत जाताना दिसतो, त्यामुळे वाईट पडला तर आपण आपल्या हाताला शिव्या देतो. फोनमध्ये मात्र फासा नसतोच, असतं फक्त फाशाचं चित्र. मग आकडा ठरवतं कोण? आणि जो ठरवतो तो प्रामाणिक कशावरून?

मी असे गेम्स बरेच खेळतो, तेही एकट्याने. समोर दुसरा खेळाडू नाही, फक्त फासे किंवा पत्ते आणि मी. म्हणून आज या गेम्सच्या पोटात काय चालतं ते सोप्या भाषेत बघूया.

नशिबाचे खेळ दोन प्रकारचे

काही खेळांत तुमच्या हातात काहीच नसतं. सापशिडी घ्या. फासा पडेल तितकी घरं चालायचं, बस. आपल्याकडे परंपरेने संत ज्ञानेश्वरांशी जोडला जाणारा मोक्षपट याच जातीचा. पत्त्यांमध्ये भिकार-सावकार तसाच, त्यात डोकं लावायला जागाच नाही.

दुसऱ्या प्रकारात नशीब आधी येतं आणि निर्णय नंतर. फासे काय पडले हे तुमच्या हातात नाही, पण पडलेल्या फाशांचं काय करायचं हे तुमच्या हातात आहे. एकट्याने खेळायचे बहुतेक चांगले गेम्स या प्रकारचे असतात.

सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे सॉलिटेअर. १९९० साली विंडोज ३.० सोबत तो घराघरातल्या आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर पोहोचला. वेस चेरी यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये इंटर्न असताना तो लिहिला होता आणि पत्त्यांची चित्रं सुझन केर यांनी काढली होती.

अलीकडची दोन उदाहरणं सांगतो. वोल्फगांग वार्श यांचा 'गान्त्स शोन क्लेव्हर' हा २०१८ चा जर्मन फाशांचा गेम. सहा रंगीत फासे टाकायचे आणि त्यातला एक निवडायचा. निवडलेल्यापेक्षा लहान आकड्याचे सगळे फासे तुमच्या हातून जातात. त्यामुळे मोठा आकडा घेण्याचा मोह महागात पडतो. दुसरा शादी तोरबे यांचा 'ओनिरिम'. हा पत्त्यांचा गेम आहे आणि त्यात कॅट पुन्हा पुन्हा पिसावा लागतो. टेबलावर त्याचा कंटाळा येतो, फोनवर तेच काम क्षणात होतं. दोन्ही गेम्सच्या फोनसाठीच्या आवृत्त्याही निघाल्या.

फोन 'फासा' टाकतो म्हणजे काय करतो?

कॉम्प्युटर सांगितलेलं काम तंतोतंत करतो, त्याला स्वतःहून 'काहीतरी' निवडता येत नाही. म्हणून तो एक युक्ती वापरतो. एक आकडा घ्यायचा, त्यावर ठरलेलं गणित करायचं, उत्तर येईल तो पुढचा आकडा. मग त्यावर पुन्हा तेच गणित.

वहीवर करून बघा. नियम असा: आकड्याला ५ ने गुणा, ३ मिळवा, १६ ने भागा आणि बाकी घ्या. ७ पासून सुरुवात करू. ७ × ५ + ३ = ३८, १६ ने भागल्यावर बाकी ६. मग ६ वरून १, १ वरून ८, पुढे ११, १०, ५, १२... बघणाऱ्याला आकडे कसेही येतायत असं वाटेल, पण त्यांचा क्रम पक्का ठरलेला आहे. १६ आकडे झाले की पुन्हा ७ येतो आणि तीच माळ सुरू होते.

सुरुवातीच्या त्या ७ ला 'सीड' म्हणतात, म्हणजे बी. बी तेच असेल तर झाड तेच. खऱ्या अ‍ॅपमध्ये गणित याहून खूप मोठं असतं. १९९७ साली मात्सुमोतो आणि निशिमुरा या जपानी गणितज्ञांनी मांडलेली 'मर्सेन ट्विस्टर' ही पद्धत खूप वापरली जाते. तिची माळ इतकी लांब आहे की ती संपेपर्यंत कुणीच खेळू शकणार नाही. सीड साधारणपणे फोनच्या घड्याळातून किंवा ऑपरेटिंग सिस्टीमने गोळा केलेल्या बारीकसारीक अनियमित गोष्टींमधून घेतलं जातं. त्यामुळे प्रत्येक डाव वेगळा निघतो.

गडबड होऊ शकते ती इथे

वरच्या माळेत ० ते १५ असे १६ आकडे आहेत. फाशाला हवेत सहा. आळशी प्रोग्रॅमर काय करेल? आकड्याला ६ ने भागून बाकी घेईल आणि त्यात १ मिळवेल. दिसायला ठीक आहे, पण मोजून बघा. १६ आकड्यांमध्ये १, २, ३ आणि ४ प्रत्येकी तीनदा येतात, तर ५ आणि ६ फक्त दोनदा! म्हणजे इथे सहा खरंच कमी पडतोय. यात लबाडी कुणाचीच नाही, १६ ला ६ ने पूर्ण भाग जात नाही म्हणून हे झालं.

उपाय सोपा आहे. १२ ते १५ आले तर ते फेकून द्यायचे आणि पुढचा आकडा घ्यायचा. उरलेले बारा आकडे सहा बाजूंना सारखे वाटले जातात. शिवाय खऱ्या अ‍ॅपमध्ये १६ च्या जागी कित्येक कोटी आकडे असतात, त्यामुळे हा फरक राहिला तरी जाणवण्याइतका नसतो.

पत्ते पिसण्यातही असाच सापळा आहे. समजा तीनच पत्ते आहेत. 'प्रत्येक पत्ता कुठल्याही एका जागेवरच्या पत्त्याशी बदला' असा प्रोग्रॅम लिहिला, तर ३ × ३ × ३ = २७ वाटा होतात. पण तीन पत्त्यांच्या मांडण्या फक्त ६. सत्तावीसला सहाने भाग जात नाही, म्हणजे काही मांडण्या जास्त वेळा येणारच. बरोबर पद्धतीला 'फिशर–येट्स' म्हणतात. आधी सगळ्या पत्त्यांमधून एक निवडून बाजूला ठेवायचा, मग उरलेल्यांतून एक, मग उरलेल्यांतून एक. आता वाटा होतात ३ × २ × १ = ६. प्रत्येक मांडणीला एकच वाट, हिशोब चोख.

५२ पत्त्यांच्या मांडण्या किती? तो आकडा ६८ अंकी आहे. आणि सीड जर ३२ बिटचं असेल तर अ‍ॅप फार तर ४२९ कोटी वेगवेगळे डाव वाटू शकतं. बाकीच्या मांडण्या त्या अ‍ॅपमध्ये कधीच येणार नाहीत. एकट्याने टाइमपास करणाऱ्याला ४२९ कोटी डाव आयुष्यभर पुरून उरतात. पैशांच्या खेळात मात्र सीड ओळखता आलं तर पुढचे पत्तेही ओळखता येतात, आणि ते घातक आहे.

मग सहा का पडत नाही?

समजा अ‍ॅप अगदी चोख आहे. तरी दहा वेळा फासा टाकून एकदाही सहा न पडण्याची शक्यता सुमारे १६ टक्के असते, म्हणजे साधारण सहातून एकदा हे होणारच. सलग वीस वेळा सहा न पडण्याची शक्यता २.६ टक्के. ऐकायला कमी वाटते. पण फोनवर आपण किती भराभर फासे टाकतो ते बघा. एका आठवड्यात २०० वेळा फासा टाकलात, तर त्यात कुठेतरी सलग वीस वेळा सहा न पडण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्तच होते!

घरी बोर्डवर खेळताना फासा हुडकायचा, हलवायचा, सोंगटी सरकवायची. तासाभरात मोजकेच फासे पडतात, म्हणून असे दुष्काळ क्वचित दिसतात. फोन ते सगळं पटापट दाखवतो. त्यात भर म्हणजे वाईट डाव आपल्या डोक्यात घर करतो आणि चांगला डाव आपण स्वतःच्या हुशारीच्या खात्यात जमा करतो.

आणखी एक लक्षात ठेवा. 'इतक्या वेळा पडला नाही, म्हणजे आता पडेलच' असं फाशाला काही वाटत नसतं. मागचे वीस फासे कसेही पडलेले असोत, पुढच्याला शक्यता सहातली एकच.

संशय आहे? तपासून बघा

एखाद्या गेमवर तुमचा फारच संशय असेल तर कागदावर सहा रकाने करा आणि ३०० फासे नोंदवा. प्रत्येक बाजू साधारण ५० वेळा यायला हवी. नेमक्या ५० येणार नाहीत. ३७ ते ६३ च्या दरम्यान आल्या तर काळजी नको. एखादी बाजू थोडी बाहेर गेली तरी चालेल, कारण एकदम सहा बाजू मोजताना तेही घडतं. पण सहा फक्त २० वेळा आला, तर मात्र तुमची शंका रास्त आहे.

एक अट पाळा: मोजणी कधी सुरू करायची आणि कधी थांबवायची ते आधीच ठरवा. वैतागल्यावर मोजायला बसलात तर फक्त तो वाईट तुकडाच मोजला जाईल.

अ‍ॅप नशीब बदलतं, पण वेगळ्या जागी

सगळे पत्ते आधीच दिसत असते तरी नेहमीच्या सॉलिटेअरचे (क्लॉन्डाइकचे) फक्त ८२ टक्क्यांच्या आसपास डाव सुटू शकले असते. बाकीचे सुटतच नाहीत, तुम्ही कितीही हुशार असा. म्हणून बरीच अ‍ॅप्स 'सुटणारेच डाव द्या' असा पर्याय ठेवतात. याचा अर्थ तिथे पत्ते पूर्णपणे नशिबावर सोडलेले नाहीत, न सुटणारे डाव आधीच गाळलेले आहेत. पर्याय सेटिंगमध्ये उघड लिहिलेला असेल तर यात गैर काही नाही.

मायक्रोसॉफ्टच्या फ्रीसेलने याहून सुंदर गोष्ट केली होती. त्यातल्या ३२,००० डावांना नंबर होते, आणि तो नंबर म्हणजेच सीड. त्यामुळे जगात कुणीही १६४ नंबरचा डाव उघडला तरी पत्ते तेच. १९९४-९५ च्या सुमारास लोकांनी इंटरनेटवरून डाव वाटून घेतले आणि सगळे सोडवायला घेतले. एकच उरला: ११९८२. पुढे कॉम्प्युटरनेही दाखवून दिलं की तो सुटतच नाही. हरलो ते नशिबामुळे की चुकीच्या चालीमुळे, याचं इतकं स्वच्छ उत्तर डिजिटल रूपामुळेच मिळालं.

आता काळजीची जागा. एकट्याच्या गेममध्ये अ‍ॅपला तुम्हाला हरवून थेट काही मिळत नाही. पण हरण्याच्या अगदी काठावर 'जाहिरात बघा आणि फासा पुन्हा टाका' किंवा 'कॉइन्स विकत घ्या' असं बटण येतं, तेव्हा तुमचं हरणं हा कुणाचातरी धंदा होतो. अशा अ‍ॅपमध्ये फासा खरा आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. मी तरी असा गेम फोनमध्ये ठेवत नाही. खरे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सबद्दल तर आपल्या संसदेने २०२५ मध्ये बंदीचा कायदाच केलाय, त्यामुळे त्या वाटेला जाऊच नका.

गेम निवडताना मी चार गोष्टी बघतो. नेट बंद करून चालतो का? डावाचा नंबर किंवा सीड दिसतं का? 'अनडू' फुकट आहे का? आणि एकदाच पैसे देऊन विषय संपतो का? चारांपैकी तीन 'हो' असतील तर गेम ठेवतो.

टाइमपासमधून निघालेलं विज्ञान

शेवटी एक किस्सा. १९४६ मध्ये स्टानिस्लाव उलाम हे गणितज्ञ आजारातून उठत होते आणि वेळ घालवायला पत्त्यांचा पेशन्स खेळत होते. डाव सुटण्याची शक्यता किती, असा प्रश्न त्यांना पडला. कागदावरचं गणित फारच किचकट निघालं. मग त्यांना सुचलं की शंभर डाव मांडायचे आणि किती सुटले ते सरळ मोजायचे. ही कल्पना त्यांनी जॉन फॉन नॉयमन यांना सांगितली, आणि त्यातून कॉम्प्युटरवर चालणारी 'मॉन्टे कार्लो' पद्धत उभी राहिली. अणूंच्या आतल्या हालचालींपासून शेअर बाजारातल्या जोखमीपर्यंत आज ती सगळीकडे वापरतात.

म्हणजे तुम्ही ३०० फाशांची नोंद करायला बसलात, तर लहान प्रमाणात तेच काम करत असाल. एक कागद आणि अर्धा तास पुरे.